हवेच्या टाकीतल्या आसरा

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली मी. घरात देव आहेत, पण ते खातं सासूबाईंकडे. कुणी दाराला लिंबू-मिरची बांधली तर लिंबू काढून सरबत करीन आणि मिरची फोडणीला टाकीन, अशातली मी बाई.

या सदरातले अनुभव मात्र आवडीनं वाचते. ओसाड बंगला, चिंचेचं झाड, अमावास्या, मागून येणारा पैंजणांचा आवाज… माझ्या अनुभवात यातलं काही म्हणजे काहीच नाही. माझा अनुभव भर दुपारी, लख्ख उन्हात, नगरपालिकेच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात आला. म्हणजे सरळ सांगायचं तर गावाच्या गटाराच्या पाण्यावर. हसून घ्या! आमच्या घरीही हसतात. नवरा म्हणतो, "तुला भूतसुद्धा ड्युटीवरच भेटलं. घरी यायला तुला वेळ कुठाय."

तर ठिकाण. बीड जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, कारण मला तिथं अजून नोकरी करायची आहे. गावाच्या उताराला, नदीच्या काठावर आमचं केंद्र. मी तिथली केमिस्ट. माझ्या जोडीला लिंबाजीमामा — ऑपरेटर, फिटर, वॉचमन, सगळं तेच. माझ्या वडिलांच्या वयाचे, नारायणगडाचे भक्त, आणि जिभेला हाड नसलेले. पाहुण्यांनी विचारलं की सांगायचे, "मी नगरपालिकेत खाणंपिणं विभागाला हाय. लोकांनी खाल्लेलं-पिलेलं समदं माझ्याकडंच येतंय."

नदीच्या खालच्या अंगाला, पायी जाता येईल इतक्या अंतरावर डोहाची वाडी. नदीला तिथं वळण आहे आणि वळणात खोल डोह. डोहाच्या काठावर विहीर, विहिरीवर जनावरांचा हौद. माझी शाळेतली मैत्रीण सत्यभामा याच वाडीला दिलेली. आम्ही दोघी दिंद्रुडच्या, एका बाकावर बसायचो. मी कॉलेजला गेले, ती लग्न होऊन इकडं आली आणि दर वर्षी दिवाळीनंतर नवऱ्यासोबत ऊस तोडायला जाऊ लागली. नवरा-बायकोच्या अशा जोडीला आमच्याकडे 'कोयता'च म्हणतात. माणसाला नाव हत्याराचं. सत्यभामाचा कोयता कधी सांगलीकडे, कधी कर्नाटकात. पोरं आजीपाशी, नाहीतर पाचटाच्या खोपीत.

त्या वर्षीचा दुष्काळ म्हणजे विचारू नका. पाऊस आलाच नाही, म्हणजे हजेरी लावून पळून गेला असंही नाही, आलाच नाही. नदीत एरवी दिवाळीपर्यंत तरी धार असते. त्या वर्षी पोळ्यालाच वाळू उघडी पडली. नदीत जे काही वाहत होतं ते एकच — आमच्या केंद्रातून बाहेर पडणारं पाणी! गावाला टँकर यायचे, टँकरचं पाणी घराघरातून गटारात, गटारातून आमच्याकडे, आणि आमच्याकडून स्वच्छ होऊन नदीत. ती बारीक धार वाळूतून सरकत सरकत डोहाला मिळायची. डोह जिवंत होता तो त्या धारेवर.

आणि त्या डोहावर सत्यभामानं काय करून ठेवलं होतं, तर बायकांची दूध संस्था! रीतसर सहकारी, नोंदणी केलेली, चेअरमन सौ. सत्यभामा. आधी पुरुषांनी टिंगल केली, मग त्याच पुरुषांनी संस्थेच्या पाटीला रंग दिला. डोहाच्या पाण्यावर बायकांनी सामाईक रानात मका आणि गवत केलं, हौदावर जनावरं पाणी प्यायची, आणि सगळ्या तालुक्यात जनावरं छावणीला जात असताना वाडीची जनावरं घरच्या दावणीला होती. पिण्याचं पाणी टँकरचं, पण जनावर आणि चारा डोहावर. दसऱ्याला सत्यभामा मला म्हणाली, "सुमे, औंदा कोयता न्हाई. दूध चालू राह्यलं तर आमी कुटंच जात न्हाई. पयलीच दिवाळी आसंल, दिवाळी झाली की गाठुडं बांधायचं न्हाई म्हणून."

मला त्या दिवशी खरंच भरून आलं. मी घरी येऊन सासूबाईंनाही सांगितलं.

आता यात गंमत अशी, की संस्थेच्या बायकांना एक शंका होती. हे पाणी गटाराचं. ते गाईला पाजायचं कसं? म्हणून सत्यभामा सगळ्यांना घेऊन एकदा केंद्र बघायला आली. मी हौसेनं फिरवलं. आधी जाळी दाखवली. तिथं प्लास्टिक, चिंध्या, काय काय अडकतं. लिंबाजीमामांनी मध्येच सांगितलं की एकदा नवरदेवाचा फेटा आलता, नवरदेव मात्र नव्हता. मग वाळू खाली बसते ती टाकी दाखवली. आणि मग आमची मुख्य, हवेची टाकी. एखाद्या मंगल कार्यालयाएवढी लांब-रुंद. तळाला नळ्यांची जाळी, ब्लोअर त्यातून हवा सोडतो, आणि सगळं पाणी बारीक बारीक बुडबुड्यांनी खदखदत असतं.

"हितं काय औषध टाकता?" एकीनं विचारलं.

"औषध नाही मावशी. यात जीव आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत एवढे बारीक. पाण्यातली घाण ते खातात."

"मंग डोहातच खाऊ द्या की, हितं कावून?"

प्रश्न एक नंबर होता. मी म्हटलं, "खाताना त्यांना हवा लागते. डोहात जाऊन ते जेवायला बसले तर डोहातली सगळी हवा संपवतील. मासे तोंड वर काढतील आणि मरतील, पाणी काळं पडेल, वास मारेल. म्हणून ती पंगत आम्ही इथंच उठवतो. इथं हवा देतो, पोटभर खाऊ घालतो, मग ते जड होऊन पुढच्या टाकीत खाली बसतात. वरचं निवळ पाणी तेवढं नदीत. गाळ थोडा परत इथंच आणतो, विरजणासारखा. शेवटी थोडं क्लोरीन, आणि चालली धार तुमच्या डोहाला."

बायका कठड्याला धरून वाकून बघत होत्या. एक म्हातारी बाई हळूच म्हणाली, "म्हंजे दिसत न्हाईत."

"नाही."

"पाण्यात ऱ्हात्यात."

"हो."

"खायला दिलं, हवा दिली तर पाणी चांगलं ठेवत्यात. आन आबाळ झाली तर?"

"तर रुसतात. काम बंद. टाकी सडते," मी म्हटलं. शिकवण्याच्या भरात 'रुसतात' म्हणून गेले.

म्हातारीनं सगळ्यांकडं बघितलं आणि पदर डोक्यावर घेतला. "मंग आसरा म्हण की बाई! येवढं फिरवून कावून सांगायलीस?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. डोहाला, विहिरीला त्यांचे शेंदूर लावलेले सात दगड असतात. मान दिला तर पाणी राखतात. मी पुष्कळ समजावलं, सूक्ष्मदर्शकसुद्धा दाखवला. त्याचा उलटाच परिणाम झाला. आत वळवळणारं बघून एक जण नमस्कारच करून बाहेर आली! त्या दिवसापासून वाडीत पक्कं झालं, की डोह आटायला लागला म्हणून आसरा वरच्या अंगाला, नगरपालिकेच्या टाकीत राहायला गेल्यात, आणि सुमनबाई त्यांची चाकरी करते. मला वाटलं, जाऊ दे. पाणी वापरताहेत ना, बास.

आणि मग डीपी, म्हणजे केंद्राला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली.

मराठवाड्यात राहणाऱ्याला यापुढं काही सांगायला नको. विहिरी खोल गेलेल्या, मोटारी ताणत होत्या, जिकडंतिकडं डीपी जळत होत्या, आणि नवीन यायला मोठी रांग. आमच्या जनरेटरनं पहिल्या दिवशी इमानदारीत काम केलं, दुसऱ्या दिवशी कुरकुर केली आणि मग काळा धूर सोडून गप्प झाला. लिंबाजीमामा त्याला "उठ बे, उठ की भाड्या" म्हणून लाथा घालत होते. ब्लोअर बंद. टाकीला हवा नाही.

हवा नाही म्हणजे काय होतं ते मी पुस्तकात वाचलं होतं, नाकानं पहिल्यांदा अनुभवलं. आधी बुडबुडे थांबले आणि पाणी आरशासारखं झालं. मग तपकिरी रंग काळा होत गेला. मग कुजक्या अंड्याचा वास. सूक्ष्मदर्शकाखाली रोज बघत होते. चांगल्या टाकीत देठावर उमललेल्या घंटेसारखे जीव दिसतात, चक्र फिरवणारे मोठे जीव दिसतात. तेच आमचे जुनेजाणते कामकरी. ते एकेक करून आकसले, मेले. शेवटी नुसती काळी पूड उरली. मला रडू आलं होतं, हे सांगायला लाज वाटत नाही. मी ती टाकी लहान लेकरासारखी वाढवली होती.

येणारं पाणी तर थांबवता येत नाही, गाव काही वापर बंद करणार नाही. आम्ही ते शेजारच्या कोरड्या तळ्यात वळवलं. तळं भरत भरत काठाला आलं. आता एखाद-दुसरा दिवस, मग ते काळं पाणी बांधावरून नदीत आणि नदीतून थेट डोहात. इंजिनियर साहेब बिचारे डीपीसाठी दारोदार फिरत होते. त्यांना फोन केला तर म्हणाले, "मॅडम, एक गाडी पाटोद्याकडे गेलीय म्हणतात, परत येताना बघू. पण डीपी आली तरी काय, टाकी तर मेलीय ना?"

खरं होतं. दुसऱ्या शहरातून टँकरनं गाळ आणायचा, नाहीतर शेणकाला आणि गूळ घालून नव्यानं विरजण लावायचं. तीन आठवडे तरी हवेत. तोवर डोह संपला असता.

मी स्वतः वाडीला जाऊन सत्यभामाला सांगितलं. तिच्या ओट्यावर ऊसतोडीला जोड्या नेणारा मुकादम बसला होता. माणूस वाईट नव्हता, त्याचंही पोट त्यावरच. तो म्हणाला, "ताई, आमालाबी कळतंय. पण टरक भरायलाय. तुमच्या वाडीच्या जोड्या येत आसतील तर परवापतूर सांगा. नंतर माझ्याकडं जागा न्हाई."

तो गेल्यावर सत्यभामानं दावणीकडं बघितलं. मग म्हणाली, "जनावरं इकावी लागतील. एकदा दावण मोकळी झाली की परत भरत नसती सुमे. संस्था गेलीच म्हण." आणि एकदम सरळ बसून, "रुसल्या का गं त्या?"

"कोण?"

"टाकीतल्या."

मी म्हटलं, "भामे, मेल्यात त्या. हवा न मिळून."

"आसरा मरत नसत्यात. आबाळ झाली म्हणून रुसल्यात. उद्या सात सवाशिणी जेवू घालायच्या टाकीवर. दहीभात मी करते."

मी हात जोडले. सांगितलं की साहेबांना कळलं तर माझी नोकरी जाईल, बाहेरचं काही टाकीत टाकता येत नाही, आणि दहीभातानं काहीही होणार नाही. तेव्हा तिनं माझे जोडलेले हात खाली केले. म्हणाली, "सुमे, तू ते जीवजंतू सांगितलंस, आमी समद्या बायकांनी ऐकून घेतलं. गटाराचं पाणी गाईला पाजलं, तुझ्या शब्दावर. आता तू एकदा आमचं ऐक."

दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर आल्यावर बायका आल्या. परड्या, खण, हिरव्या बांगड्या, हळदीकुंकू, पातेलंभर दहीभात. मी गेटावरच तपासणी नाक्यासारखी उभी. बांगड्या टाकीत नाही टाकायच्या, तळाच्या नळ्या फुटतील. खण नाही, पंपात गुंतेल. लिंबू बघून तर मी ओरडलेच, "लिंबू अजिबात नाही! आंबट चालत नाही त्यांना!"

"बघा," म्हातारी बाकीच्यांना म्हणाली, "तिला ठाव हाय त्यांना काय चालतं ते."

आणखी एक घोळ. सवाशिणी सहाच. सातवीच्या घरी सुतक पडलं होतं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नाही म्हणत होते आणि सत्यभामा माझ्या कपाळाला कुंकू लावत होती. शेवटी लॅबचा पांढरा कोट घालून, हिरवा खण मांडीवर घेऊन, काळ्या सडक्या टाकीच्या काठावर मी पत्रावळीसमोर बसले. वासानं डोळ्यांत पाणी येत होतं. पुरुषांनी जवळ थांबायचं नसतं म्हणून लिंबाजीमामांना गेटापाशी हाकललं होतं. तिथून ते ओरडले, "मॅडम, नगरपालिकेत पयल्यांदाच कायतरी धडाचं जेवण झालं बघा!"

म्हातारीनं गाणं म्हटलं, बायकांनी धरलं. खण-बांगड्या कठड्याला बांधल्या. सत्यभामानं दहीभाताची एक मूठ टाकीत सोडली. एवढी परवानगी मी दिली होती, कारण एवढ्या पाण्याला एक मूठ म्हणजे काहीच नाही. मग ती हात जोडून टाकीशी बोलली, शेजारणीशी बोलावं तसं. "बायांनो, तुमची आबाळ झाली, आमी मानतो. पण आमी हितनं गेलो तर तुमाला तरी कोण इचारणार हाय? ऱ्हावा. आमीबी ऱ्हातो."

आम्ही जेवायला लागलो. मी दुसरा घास घेतला असेल… आणि समोरच्या कोपऱ्यात बुडबुडे दिसले.

मला वाटलं, गाळातला वायू सुटला. सडल्यावर सुटतो, ढेकर दिल्यासारखा एक मोठा बुडबुडा येतो आणि विरतो. पण हे तसं नव्हतं. बारीक, पांढरे, सारखे. आणि ते ओळीनं येत होते. पहिली ओळ, मग शेजारची, मग त्यापुढची… तळाला जशा नळ्या टाकल्यात अगदी तशा. बघता बघता सगळी टाकी खदखदायला लागली. ब्लोअर चालू असल्यावर दिसते तशीच!

मी पत्रावळ ओलांडून पळाले. ब्लोअरची खोली बंद होती. कुलूप काढलं. आत आवाज नाही, काही नाही. पट्टा जागच्या जागी. मोटारीला हात लावला, थंडगार. मेन स्विच लिंबाजीमामांनी स्वतः खाली ओढून फडक्यानं बांधून ठेवला होता, गाठसुद्धा तशीच. बाहेर डीपीच्या जागी रिकामा सांगाडा.

मागून मामा आले होते. चेहरा पांढरा पडलेला. "मॅडम, लाइट आली का?"

"नाही आली मामा."

"मंग ते कावून बुडबुडायलंय?"

"मला काय माहीत!"

 मी पाण्यातली हवा मोजायचा मीटर घेतला. तो बॅटरीवर चालतो. टाकीत सोडला. आकडा वर वर चढत गेला आणि चांगल्या दिवशी असतो तिथं जाऊन थांबला. वर काढला, पुसला, पिण्याच्या पाण्यात तपासला, पुन्हा सोडला. तोच आकडा. आणि वास! वास बदलला होता. कुजकी घाण गेली होती, सारवलेल्या अंगणाचा वास येत होता. निरोगी टाकीला असाच मातकट वास असतो, आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

 भीती म्हणाल तर नव्हती.  मी एकटीच हसत होते म्हणे. मामांनी गेटापाशी जाऊन हात जोडले आणि नारायणगडाच्या दिशेनंही एक नमस्कार घातला, हिशेब चुकायला नको म्हणून.

आणि बायका? बायका जेवत होत्या! एकीनंही घास थांबवला नव्हता. म्हातारी एवढंच म्हणाली, "बसल्या बाई पंगतीला." दुसरीची तक्रार होती की भातात मीठ कमी आहे. सत्यभामा मला म्हणाली, "उठून कावून पळालीस? सवाशिणीनं पानावरनं उठू नाही. ये, जेव." मी मुकाट्यानं बसले आणि पान पुसून खाल्लं. मीठ खरंच कमी होतं.

पत्रावळी उचलल्यावर बुडबुडे हळूहळू विरले. त्याच संध्याकाळी पाटोद्याकडून परत येणारी गाडी आमच्याकडं वळली आणि डीपी बसली. तुम्ही म्हणाल, मग झालं की, वीज आली, टाकी सुधारली, यात अमानवीय काय? थांबा. सकाळी मी नमुना घेतला. काचेच्या उंच भांड्यात ठेवला तर ताक ठेवल्यावर जसं खाली घट्ट आणि वर निवळ पाणी होतं तसं झालं. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. देठावरच्या घंटा! चक्र फिरवणारे मोठे जीव, झुंडीच्या झुंडी! हे जीव नव्या टाकीत सगळ्यांत शेवटी येतात, दोन-तीन आठवडे गेल्यावर. एका रात्रीत येणं म्हणजे काल जन्मलेल्या बाळाला आज दाढी यावी तसं आहे.

माझ्या कॉलेजच्या सरांना घडलेलं सगळं सांगून फोटो पाठवले. सर म्हणाले, "सुमन, बाटल्यांची अदलाबदल झालीय." मी नवीन नमुना घेतला, मामांना साक्षीला उभं केलं, बाटली गाडीनं पाठवली. दोन दिवसांनी सरांचा फोन. बराच वेळ इकडचं तिकडचं, पाऊसपाणी. शेवटी म्हणाले, "नमुना अप्रतिम आहे. पण तू सांगतेस ते शक्य नाही. तेव्हा आपण याविषयी न बोललेलं बरं." आणि ठेवता ठेवता, "बरं, दही कुणाच्या घरचं होतं?"

मी माझ्या परीनं सगळं तपासलंय. साचलेला वायू म्हणावा, तर त्यानं वास वाढायला हवा आणि मीटर वर जायचं काही कारण नाही. नळ्यांत अडकलेली हवा म्हणावी, तर ती चार मिनिटंही पुरायची नाही. आम्हाला सगळ्यांना उन्हानं भास झाला म्हणावा, तर मीटरला तर ऊन लागलं नव्हतं ना? आणि कालची मेलेली टाकी आज जुनीजाणती कशी झाली, याला तर मी अंदाजसुद्धा करू शकत नाही. इंजिनियर साहेबांना मी एवढंच सांगितलं, की टाकी सावरली. ते म्हणाले, "छान." त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कठड्यावरच्या बांगड्या मात्र त्यांनी काढायला लावल्या नाहीत.

आजही मी आसरा मानते का? खरं सांगू, मला ठरवता येत नाही. मी अजूनही शेणकाला, गाळ, मीटर यांच्यावरच चालते. लिंबू-मिरचीचं सरबतही करते. पण त्या दुपारी मी पाहिलं ते पाहिलं, आणि ते कसं झालं हे मला माहीत नाही. कुणा वाचकाला सुचलं तर जरूर लिहा, मी खरंच वाट बघेन.

एक राहिलं. तळ्यातलं काळं पाणी बांधाच्या वर गेलंच नाही. आम्ही ते थोडं थोडं करून टाकीत परत घेतलं आणि स्वच्छ करून सोडलं. डोहाला त्यातला थेंब गेला नाही. मुकादमाला सत्यभामानं नाही म्हणून सांगितलं. दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी नमुना घ्यायला डोहावर गेले होते. सत्यभामा दुधाची कॅन घेऊन रस्त्याच्या कडेला संस्थेच्या गाडीची वाट बघत उभी होती. तेवढ्यात कोयत्यांचा ट्रक आला. वर भांडीकुंडी, गाठोडी, शेळ्या, लेकरं आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या बायका. एकदोघींनी ओळखून तिला हाका मारल्या. तिनं हात वर केला. ट्रक वळणाआड जाईपर्यंत तो हात तसाच होता.

मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "सुमे, आजपतूर दरसाली मी त्या टरकातून ह्या रस्त्याकडं बघायचे. आज पयल्यांदा रस्त्यावरून टरकाकडं बघायले."

 संस्थेची गाडी आली, आणि आम्ही दोघींनी मिळून कॅन वर चढवली.